ब्राऊन केस: आधी लॉ कॉलेजं आणि मग शाळा, असा लांबचा रस्ता का धरला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ साली सरकारी शाळांमधला काळा-गोरा भेद एका निकालात (हीच ब्राऊन केस) बेकायदा ठरवला, मग तिथले वकील १८९६ पासून ५८ वर्षं काय करत बसले होते, सरळ शाळेवरच केस का नाही टाकली? विचारणारा मुलगा लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूट कोर्टला (लॉच्या मुलांची खोट्या खटल्याची स्पर्धा) त्याला हा विषय आलाय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. शाळांवर केसेस टाकल्या होत्या आणि त्या सपशेल हरल्या होत्या, आणि हरलेली प्रत्येक केस पुढच्या माणसाच्या गळ्यात लोढणं होऊन बसली. आणि १९५४ ला भेद संपला हेही खरं नाही, त्या दिवशी एकाही मुलाला नव्या शाळेत प्रवेश मिळाला नाही. मी गेली एकोणतीस वर्षं हायकोर्टात रिटचं काम करतोय, शाळाप्रवेश, अनुदान, शिक्षकांच्या मान्यता असली मॅटर्स जास्त. अमेरिकेत काही प्रॅक्टिस केलेली नाही, पण ही केस मी माझ्या ज्युनियर पोरांना दर वर्षी वाचायला लावतो, आणि ती निकालासाठी नाही तर प्रेयरसाठी. म्हणजे कुठल्या वर्षी कोर्टाकडे नेमकं काय मागितलं आणि काय मुद्दाम मागितलं नाही. तेवढं एक सूत्र धरलं की सगळी गोष्ट उलगडते.

सुरुवात प्लेसीपासून. ही केस शाळेची नव्हतीच, रेल्वेची होती. लुइझियानाने १८९० साली कायदा केला की गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे, ‘समान पण वेगळे’. होमर प्लेसी नावाचा माणूस, आठ पणजोबा-पणज्यांतला एक कृष्णवर्णीय, दिसायला गोराच, १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. अटकसुद्धा आधी ठरवून करवून घेतलेली, रेल्वे कंपनीलाही जास्तीचे डबे जोडायचा खर्च नकोच होता. म्हणजे हीसुद्धा रचलेली टेस्ट केसच, लोकांना वाटतं ब्राऊनवाल्यांनी ही पद्धत काढली. निकाल लागला १८९६ ला, सात विरुद्ध एक, विरोधात. एकटे जस्टिस हार्लन वेगळे पडले.

आता गंमत बघा. रेल्वेच्या डब्याचा निकाल देताना कोर्टाने आधार कशाचा घेतला, तर शाळेचा. बॉस्टनला १८४९ साली पाच वर्षांच्या सारा रॉबर्ट्सची केस झाली होती, घरापासून तिच्या वेगळ्या शाळेपर्यंत जाताना वाटेत गोऱ्यांच्या पाच शाळा लागायच्या. चार्ल्स समनर हा वकील तिच्या बाजूने उभा राहिला, फार सुंदर आर्ग्युमेंट केलं, आणि हरला. नंतर १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानेच कायदा करून वेगळ्या शाळा बंद केल्या. म्हणजे ज्या राज्याने स्वतः ती पद्धत मोडीत काढली त्याच राज्याचा जुना निकाल ४१ वर्षांनी सुप्रीम कोर्टाने दाखला म्हणून वापरला. हरलेल्या केसचं भूत कसं मानगुटीवर बसतं ते यात दिसतं. (समनरचं नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.)

पुढे १८९९ ला जॉर्जियातल्या ऑगस्टाचं प्रकरण. तिथल्या बोर्डाने कृष्णवर्णीय मुलांचं हायस्कूल बंद केलं, गोऱ्यांचं चालू ठेवलं. ‘समान’ सोडा, शाळाच नाही. तरी कोर्ट म्हणालं आम्ही हात घालणार नाही, आणि तो निकाल लिहिला कोणी, तर त्याच हार्लननी. मग १९२७ ला मिसिसिपीतल्या एका चिनी दुकानदाराच्या मुलीची केस. तिच्या वकिलाचं म्हणणं होतं की ही मुलगी चिनी आहे, तिला कृष्णवर्णीयांत धरू नका. भेद चूक आहे असं म्हणालाच नाही, फक्त आम्हाला त्या बाजूला ढकलू नका एवढीच मागणी. एकमताने फेटाळली, आणि शाळेतलं विभाजन हा जणू मिटलेला विषय आहे असं जजमेंटमध्ये लिहून ठेवलं. चुकीचं मागितलं की फक्त तुमचीच केस जात नाही, दुसऱ्याचीही जाते.

आता तुमच्या ‘सरळ शाळेवर’ या प्रश्नाकडे परत या. १९३० च्या सुमाराला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेसमोर हेच चित्र होतं, तीन-चार वाईट निकाल बोकांडी बसलेले आणि पैसा तुटपुंजा.

इथे चार्ल्स ह्यूस्टन येतो. ब्राऊन केस लढवणाऱ्या थरगुड मार्शलचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ह्यूस्टनचं नसतं, माझ्या मते हा अन्याय आहे. हार्वर्डचा लॉ ग्रॅज्युएट, पहिल्या महायुद्धात लष्करात अधिकारी, आणि १९२९ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड लॉ स्कूलचा कारभारी. तेव्हा ते रात्रीचं कॉलेज होतं, याने दिवसाचं केलं, मान्यता आणली, आणि पोरांना अक्षरशः पिळून काढलं. वकील हा एक तर समाजाची बांधणी करणारा इंजिनियर असतो नाहीतर समाजावरचं बांडगूळ, असं त्याचं म्हणणं. त्याच्या हाताखालून १९३३ ला पहिला नंबर काढून बाहेर पडला थरगुड मार्शल. मार्शल बाल्टिमोरचा, मेरिलंड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्याच्या गावातच, पण रंगामुळे तिथे दार बंद म्हणून रोज रेल्वेने वॉशिंग्टनला जायचा. आणि दोघांनी मिळून जिंकलेली पहिली मोठी केस कुठली, तर त्याच मेरिलंड लॉ स्कूलविरुद्धची, डोनाल्ड मरे नावाच्या मुलासाठी, १९३६ ला अपिलातही टिकली. असा हिशोब चुकता करायला मिळणं म्हणजे काय असतं ते वकिलालाच कळेल.

पण भावना बाजूला ठेवा, डोकं बघा. ह्यूस्टनने प्राथमिक शाळा सोडून लॉ कॉलेजच का धरलं? कारण दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी प्राथमिक शाळा होत्या तरी, मोडक्या का होईना, त्यामुळे ‘बघा आहे की, थोडी डागडुजी करू’ असं सरकार म्हणू शकायचं. लॉ कॉलेज मात्र नव्हतंच. तिथे समान आहे की नाही हा पुरावा द्यायची गरजच नाही, शून्य ते शून्य. आणि एका मुलासाठी आख्खं वेगळं लॉ कॉलेज काढायचं म्हणजे राज्याच्या तिजोरीला घाम, भेद पाळायचा असेल तर त्याची पूर्ण किंमत मोजा, असा तो डाव. शिवाय पंचवीस वर्षांच्या चार-दोन पोरांनी लॉ कॉलेजात येणं आणि सहा वर्षांच्या हजारो पोरांनी गोऱ्या मुलांच्या शेजारी बसणं, यात गोऱ्या आईबापांच्या अंगाचा तिळपापड कशाने जास्त होईल ते सांगायला नको. आणि सगळ्यात भारी मुद्दा, समोर बसलेला प्रत्येक जज कायदा शिकून आलेला आहे. चांगलं लॉ कॉलेज म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि या सगळ्या काळात प्रेयर काय? ‘प्लेसी उलटवा’ असं नाही. उलट, प्लेसी पाळा! तुम्हीच म्हणता ना समान, मग द्या समान. १९३८ ची लॉइड गेन्सची केस तशीच. मिसुरी राज्य म्हणालं आमच्याकडे तुझ्यासाठी लॉ कॉलेज नाही, शेजारच्या राज्यात जा, फी आम्ही भरतो. कोर्ट म्हणालं नाही, हे राज्याच्या हद्दीतच द्यायला हवं. मोठा विजय, पण गेन्स १९३९ च्या मार्चमध्ये शिकागोत एका संध्याकाळी पोस्टाची तिकिटं आणतो म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. काय झालं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. पक्षकारच नाही म्हटल्यावर मॅटर तिथेच गार पडलं. म्हणून पुढे साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेंडनच्या केसमध्ये मार्शल ‘एक नाही, वीस जण आणा’ असं का म्हणाला ते समजतं.

मग १९५० च्या जूनमधले दोन निकाल, एकाच दिवशीचे, आणि माझ्या मते ब्राऊन खरी जिंकली ती इथे. पहिला हेमन स्वेट, ह्यूस्टन शहरातला पोस्टमन, टेक्सासच्या लॉ स्कूलला अर्ज केला. राज्याने काय केलं, तर ऑस्टिनमध्ये तळघरातल्या काही खोल्यांत घाईघाईने एक वेगळं लॉ स्कूल थाटलं. सुप्रीम कोर्टाने अक्षरशः मोजदाद केली: टेक्सास विद्यापीठात पूर्णवेळ १६ प्रोफेसर, ८५० विद्यार्थी, ६५,००० पुस्तकं, आणि पुढे जे नवं कॉलेज उभं राहिलं त्यात ५ प्रोफेसर, २३ विद्यार्थी, १६,५०० पुस्तकं. पण तिथे थांबलं नाही. कोर्ट म्हणालं की मोजता न येणाऱ्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या, कॉलेजचं नाव, शिकवणाऱ्यांची ख्याती, माजी विद्यार्थ्यांचं वजन. आणि ज्या कॉलेजात राज्यातल्या ८५ टक्के लोकांना प्रवेशच नाही, म्हणजे उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरी, जज ज्यातून येणार तेच बाहेर, त्या कॉलेजात वकिली कशी शिकणार? हे वाक्य ज्याला सुचलं तो कधीतरी बाररूममध्ये बसलेला माणूस असणार!

दुसरी केस मॅक्लॉरिनची, ओक्लाहोमा. हा साठी उलटलेला शिक्षक, डॉक्टरेटला आलेला. कोर्टाने सांगितलं म्हणून विद्यापीठाने प्रवेश दिला, पण बसवला कुठे, तर वर्गाला लागून असलेल्या एका बाजूच्या खोलीत, तिथून फळा बघायचा. काही काळ त्याच्या जागेभोवती कठडा होता आणि त्यावर पाटी, ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’. लायब्ररीत वरच्या माळ्यावर वेगळं टेबल, खाली रीडिंग रूममध्ये बसायचं नाही. कॅन्टीनमध्ये वेगळं टेबल आणि जेवायची वेगळी वेळ. आता बघा, मास्तर तोच, लेक्चर तेच, पुस्तक तेच, डिग्री तीच. मोजायला गेलं तर सगळं समान. उरलं काय, फक्त वेगळं बसवणं. आणि कोर्ट एकमताने म्हणालं की हे चालणार नाही, इतर विद्यार्थ्यांशी बोलणं, वाद घालणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. प्लेसीचं नावही न घेता प्लेसीच्या पोटातली हवा काढली.

मराठी माणसाला ही बाजूची खोली वाचताना साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहत नाही, वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसणारा भीमराव. हे नुसतं मला वाटतं म्हणून नाही, बाबासाहेबांनी स्वतः १९४६ साली एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं, दोघांच्या प्रश्नात किती साम्य आहे म्हणून, आणि डू बॉईसचं उत्तरही आलं होतं. असो, मूटमध्ये याचा उपयोग नाही, पण माहीत असावं.

ह्यूस्टन हे दोन निकाल बघायला राहिला नाही, एप्रिल १९५० मध्ये गेला, जेमतेम ५४ वर्षांचा. आणि त्या उन्हाळ्यानंतर मार्शल आणि मंडळींनी प्रेयर बदलला. आता ‘समान द्या’ नाही, आता ‘वेगळं ठेवूच नका’.

हा बदल कोर्टात प्रत्यक्ष कसा झाला ते बघायचं तर साउथ कॅरोलिनातलं क्लॅरेंडन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) बघा. सुरुवात एका बसपासून. गोऱ्या मुलांना ३० बसेस, कृष्णवर्णीयांना एकही नाही, पोरं मैलोन्‌मैल चालत यायची. लेव्हाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने केस केली, तर त्याची जमीन दोन शाळा-हद्दींवर पसरलेली निघाली, टॅक्स दुसऱ्या हद्दीत भरतो म्हणून उडवून लावली. आपल्याकडे सातबाऱ्यावरून केसेस उडतात तशीच. मग मार्शल म्हणाला एका माणसावर नाही, वीस जण आणा. रेव्हरंड जोसेफ डिलेन या पाद्री-शिक्षकाने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. नावांच्या यादीत वर होता हॅरी ब्रिग्ज, पेट्रोल पंपावर काम करायचा, त्याची नोकरी गेली. बायको मोटेलमध्ये साफसफाईला, तिचीही गेली. डिलेनचं घर जळालं, पुढे चर्च जळालं, शेवटी त्याला राज्य सोडून पळावं लागलं. खर्चाचे आकडे सांगतो, १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर, कृष्णवर्णीय मुलामागे ४३.

तरीही पहिल्या मसुद्यात मागणी समान सोयींचीच होती. केस आली जज वेअरिंगपुढे, चार्ल्स्टनच्या जुन्या खानदानी गोऱ्या घरातला माणूस पण मत बदललेला. त्याने मार्शलला जवळजवळ सुचवलंच, हे काढून घे आणि सरळ वेगळेपणालाच आव्हान देऊन परत दाखल कर. आता इथे प्रोसिजर समजून घ्या, कारण खरी मेख इथे आहे. राज्याच्या कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान दिलं की तेव्हाच्या नियमानुसार मॅटर तीन जजेसपुढे जायचं, आणि तीन जजेसच्या निकालावर अपील थेट सुप्रीम कोर्टात. म्हणजे वेअरिंगला पक्कं माहीत होतं की आपण दोन विरुद्ध एकने हरणार, पण हरण्याचा रस्ता वॉशिंग्टनला जातो. मार्शलला हे लगेच पचलं नाही असं म्हणतात, मला त्यात नवल वाटत नाही, हातातली छोटी सोपी ऑर्डर सोडून मोठा जुगार खेळायचा आणि मागे सह्या करणाऱ्या कुटुंबांच्या नोकऱ्या टांगलेल्या.

आणि समोरच्या वकिलाने काय करावं? मे १९५१ मध्ये सुनावणी उघडली आणि राज्याचा वकील फिग उभा राहिला, म्हणाला, कबूल! शाळा समान नाहीत, आम्ही मान्य करतो, आम्हाला सुधारायला वेळ द्या. मार्शलकडे पडक्या शाळांचे साक्षीदार रांगेत बसलेले, त्यांचं आता करायचं काय? प्रतिपक्षाने कबुली (ॲडमिशन) देऊन तुमचा अर्धा पुरावा एका वाक्यात निकामी करायचा, ही चाल मी स्वतः दोनदा खाल्ली आहे. गव्हर्नर बर्न्स हा स्वतः सुप्रीम कोर्टाचा माजी जज, त्याने विक्रीकर लावून साडेसात कोटी डॉलरचा शाळाबांधणीचा कार्यक्रमच काढला होता, म्हणजे ह्यूस्टनचा ‘किंमत मोजा’ हा डाव त्याने उलटा लावला: ठीक आहे, मोजतो, पण वेगळेच ठेवतो. त्या दिवशी जुना प्रेयर असता तर केस तिथेच संपली असती, ‘सरकार करतंय ना’ म्हणून. नवा प्रेयर होता म्हणून वाचली. निकाल अपेक्षेप्रमाणे दोन-एक असा विरोधात, आणि वेअरिंगने विरोधी मतात लिहिलं की वेगळं ठेवणं हीच मुळात असमानता. पुढच्याच वर्षी तो निवृत्त होऊन न्यूयॉर्कला निघून गेला, गावाने वाळीतच टाकलं होतं.

बाहुल्यांची गोष्ट याच केसमधली. केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे गोरी आणि तपकिरी बाहुली ठेवली, छान कोणती, वाईट कोणती विचारलं, १६ पैकी १० मुलांना गोरी आवडली, ११ जणांनी तपकिरीला वाईट म्हटलं. सगळी पुस्तकं यावर पानंच्या पानं लिहितात. मला स्पष्ट बोलायचं तर एव्हिडन्स म्हणून हे कच्चं आहे. १६ मुलं म्हणजे काय सँपल? आणि क्लार्कच्याच आधीच्या अभ्यासात उत्तरेतल्या, मिश्र शाळांतल्या मुलांचे आकडे काही वेगळे नव्हते, विरुद्ध बाजूने सुप्रीम कोर्टात ते बरोब्बर पकडलं. मार्शलच्या स्वतःच्या टीममध्येही यावरून हसणारे होते. पण समोरच्याने शाळांची असमानता कबूल करून टाकल्यावर ‘वेगळेपणाने होणारी इजा’ दाखवायला दुसरं होतं काय? मूटमध्ये बाहुल्यांवर उभे राहू नका, मॅक्लॉरिनवर उभे रहा.

सुप्रीम कोर्टात एकत्र ऐकल्या गेलेल्या पाच केसेसपैकी क्लॅरेंडनची ही एक, बाकीच्या चार पटकन. व्हर्जिनियात फार्मव्हिलला १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने संप केला. १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत साडेचारशेच्या वर मुलं, जास्तीचे वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत, पाऊस आला की आत छत्री. हेडमास्तरांना खोटा फोन करून बाहेर पाठवलं, बस स्टँडवर आपली पोरं पोलिसांच्या भानगडीत सापडलीत म्हणून, आणि मागे सगळ्यांना हॉलमध्ये जमवून शाळा बंद पाडली. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन हे वकील खरं तर पोरांना परत वर्गात बसा म्हणून समजवायला आले होते, आणि वकीलपत्र घेऊन परत गेले. डेलावेअरमध्ये जज सेट्झ स्वतः शाळा बघून आला आणि मुलांना प्रवेश द्यायचा हुकूम दिला, पाचांपैकी खालच्या कोर्टात जिंकलेली ही एकटीच. वॉशिंग्टनची केस एका न्हाव्याने, गार्डनर बिशपने, आईबापांना गोळा करून उभी केली. आणि पाचवी कॅन्ससच्या टोपिकाची, हीच ती ब्राऊन. ऑलिव्हर ब्राऊन रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर, मुलगी लिंडा तिसरीत, रेल्वे यार्डातून चालत जाऊन बस पकडून मन्रो शाळेत जायची, आणि गोऱ्यांची शाळा घरापासून सात ब्लॉकवर. त्या शाळेचं नाव समनर. होय, तोच बॉस्टनचा समनर, जो साराची केस हरला होता!

टोपिकाच्या शाळांमध्ये इमारती, मास्तर, अभ्यासक्रम बऱ्यापैकी सारखे होते, म्हणून तर ती केस कामाची. बर्न्ससारखी ‘सुधारतो, वेळ द्या’ ही पळवाट तिथे नव्हती. उरला प्रश्न फक्त वेगळेपणाचा.

सुप्रीम कोर्टात डिसेंबर १९५२ ला आर्ग्युमेंट झाली, पुढच्या जूनमध्ये कोर्ट म्हणालं परत करा, आणि मधल्या काळात, सप्टेंबर १९५३ ला, चीफ जस्टिस विन्सन हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या जागी आले अर्ल वॉरन, राजकारणी माणूस, कधी जज नव्हते. विरुद्ध बाजूला जॉन डेव्हिस, ८० वर्षांचा, एकेकाळचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, त्या कोर्टात शंभरावर केसेस चालवलेला. कायद्याची बाजू त्याची जड होती हे कबूल करायला हवं, आधीचे निकाल (प्रिसिडंट) सगळे त्याच्याकडे. वॉरननी घाई केली नाही, महिनोन्‌महिने एकेका जजशी बोलत राहिले, जेवताना, चेंबरमध्ये, शेवटी उरलेले जस्टिस रीडही आले. १७ मे १९५४, नऊ विरुद्ध शून्य. जस्टिस जॅक्सन हॉस्पिटलमधून उठून बेंचवर येऊन बसले, आठच का असं कोणी विचारायला नको म्हणून. निकाल मुद्दाम छोटा, साध्या भाषेत, कुणावर आरोप नाही, वर्तमानपत्रात आख्खा छापता यावा असा.

पण शेवटच्या पॅराला बघा. ‘रिलीफवर (म्हणजे प्रत्यक्ष हुकूम काय द्यायचा यावर) नंतर ऐकू.’ माझ्या पोटात तिथेच गोळा येतो.

कारण एक वर्षाने, ३१ मे १९५५ ला, जो दुसरा निकाल आला त्यात तारीखच नाही. मार्शलने मागितलं होतं की लगेच करा, फार तर सप्टेंबर १९५६ पर्यंत. कोर्टाने मॅटर्स खालच्या कोर्टांकडे परत पाठवली आणि म्हणाले ‘विचारपूर्वक वेगाने’ करा. हा शब्दप्रयोग म्हणजे सरकारी कार्यालयातलं ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. नऊ मतं एकत्र ठेवायची ही किंमत होती असं मला वाटतं, आणि ती किंमत मुलांनी भरली. मी स्वतः एकदा एका वसतिगृहाच्या प्रकरणात ‘शक्य तितक्या लवकर’ अशी ऑर्डर हसतमुखाने स्वीकारली होती, तारखेचा आग्रह धरला नाही, जिंकलो ना म्हणून. कंटेम्प्ट (कोर्टाचा अवमान) लागून अंमलबजावणी होईस्तोवर त्यातली मोठी पोरं दहावी होऊन गेली होती. तेव्हापासून प्रेयरमध्ये तारीख घातल्याशिवाय सही करत नाही.

दक्षिणेने काय केलं? त्याच क्लॅरेंडनच्या केसमध्ये जुलै १९५५ ला खालच्या कोर्टाने अर्थ लावला की घटना मिसळा म्हणत नाही, फक्त जबरदस्तीने वेगळं करू नका म्हणते. या वाक्यावर राज्यांनी बारा-तेरा वर्षं काढली. १९५६ ला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, १०१ सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. लिटल रॉकला १९५७ मध्ये नऊ मुलांना शाळेत न्यायला लष्कराची पॅराट्रूपर तुकडी आणावी लागली. पण मला सगळ्यात भयानक वाटतं ते बार्बरा जॉन्सच्या काउंटीत झालं ते. १९५९ ला कोर्टाने आता मिसळाच म्हटल्यावर काउंटीने सरकारी शाळांचं बजेटच शून्य केलं, सगळ्या शाळांना टाळं, गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी शाळा, आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी पाच वर्षं सरकारी शाळाच नाही. १९६४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विचारपूर्वक वेगाची वेळ संपली. त्या सुमाराला, म्हणजे ब्राऊनच्या दहा वर्षांनी, जुन्या दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुलं शंभरात जेमतेम एक होती.

खरी हालचाल झाली १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा केंद्राचा शिक्षणनिधी आल्यावर, भेद कराल तर अनुदान बंद. अनुदान थांबलं की संस्थाचालक कसे ताळ्यावर येतात हे मला कोणी शिकवायला नको. आणि मग १९६८ ची ग्रीन केस, व्हर्जिनियातलीच, छोटी काउंटी, दोनच शाळा. तिथे ‘कुठली शाळा हवी ती निवडा’ अशी योजना होती, तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने दुसरी शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं जुन्याच शाळेत. कोर्ट म्हणालं कागदावरचं स्वातंत्र्य नको, प्रत्यक्षात चालेल अशी योजना द्या, आणि ती आत्ता द्या. १९५५ ला जो शब्द हवा होता तो १३ वर्षांनी आला.

याचीही दुसरी बाजू आहे, शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि त्यांच्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्यासाठी कोणी प्रेयर लिहिलाच नव्हता. आणि १९७४ ला डेट्रॉइटच्या केसमध्ये पाच विरुद्ध चारने कोर्टाने ठरवलं की शहराच्या हद्दीबाहेरच्या उपनगरांना यात ओढता येणार नाही, म्हणजे गोरी कुटुंबं हद्द ओलांडून राहायला गेली की विषय संपला. तेव्हा मार्शल स्वतः बेंचवर होता, १९६७ पासून, आणि त्याने विरोधी मत लिहिलं. ते आवर्जून वाच, मूटमध्ये प्रतिपक्ष ‘ब्राऊनने सगळं सुटलं’ म्हणाला की तिथून उत्तर मिळेल.

आणि लिंडा ब्राऊन? १९५४ च्या निकालानंतर नवं शाळावर्ष उघडलं तोवर ती ज्युनियर हायस्कूलच्या वयाची झाली होती, आणि टोपिकात त्या वरच्या वर्गांना भेद आधीच नव्हता. म्हणजे ज्या समनर शाळेसाठी केस झाली त्या शाळेत ती कधी बसलीच नाही. १९७९ ला टोपिकाच्या शाळा अजून वेगळ्याच आहेत म्हणून ती केस परत उघडली, तेव्हा अर्जदारांत लिंडा होती, या वेळी आई म्हणून. ते प्रकरण बंद झालं १९९९ ला.